काकवी : मेपलच्या पाकाऐवजी चालणारा आपला पाक



अलीकडे प्रश्नांच्या ढिगात एक नवा प्रश्न दिसू लागला आहे. मोबाइलवर केकची किंवा गोड धिरड्याची कृती पाहिली, साहित्यात 'मेपल सिरप' लिहिलेलं आहे. दिंडोरीच्या बाजारात ते मिळत नाही. नाशकात मिळालं तर बाटलीवरची किंमत वाचून हात आपोआप मागं येतो. मग त्याच्या जागी काय घालावं?

उत्तर एका शब्दात देता येईल : काकवी. पण एवढंच सांगून थांबलो तर विचारणारीचं काम भागेल, मनातली शंका जाणार नाही. शंका अशी की परदेशी वस्तू ती खरी, आणि आपली वस्तू म्हणजे नाइलाजाची. ही शंका आजची नाही. गुळाच्या आणि साखरेच्या बाबतीत ती आपल्या घराघरांत शंभर वर्षं नांदली आहे. म्हणून या पत्रकात थोडा इतिहास सांगतो आणि मग चुलीकडे वळतो.

आधी मेपल म्हणजे काय ते बघू. उत्तर अमेरिकेच्या थंड भागात मेपलची झाडं असतात. हिवाळा सरताना, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. त्या दिवसांत झाडाच्या खोडाला बारीक भोक पाडलं की रस ठिबकतो. आपल्याकडे शिंदीची नीरा काढतात तसाच हा प्रकार. पण हा रस जवळजवळ पाणीच. त्यात साखर शेकडा दोन-तीन. चाळीस लिटर रस आटवला तर लिटरभर पाक पडतो. आता आपला ऊस घ्या. त्याच्या रसात विरघळलेला ऐवज शेकडा अठरा-वीस. म्हणजे साडेतीन किलो रस आटवला की किलोभर काकवी. मेपलची बाटली महाग का, याचं निम्मं उत्तर इथंच मिळालं. तिच्यात जळण आणि मजुरी भरलेली असते.

ही विद्या गोऱ्यांनी शोधलेली नाही. त्या रानातले मूळ रहिवासी आधीपासून मेपलचा रस आटवत होते, त्यांच्याकडून ती वसाहतवाल्यांनी घेतली. आज जगातला बहुतेक मेपल पाक कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातून येतो. तिथल्या उत्पादकांनी आपला संघ करून भाव पडू नये म्हणून पाकाचा मोठा साठा राखून ठेवण्याची पद्धत पाडली आहे. त्या साठ्यावर २०११-१२ साली चोरांनी डल्ला मारला आणि हजारो पिंपं हळूहळू रिकामी केली, ही बातमी तेव्हा जगभर गाजली होती.

कॅनडाशी आपलं आणखी एक नातं आहे, आणि ते या पत्रकाच्या जवळचं आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी १९४१ साली रेडिओभोवती गट करून बसण्याची पद्धत सुरू केली. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर आपसांत बोलायचं, आणि ठरलेलं करून दाखवायचं. युनेस्कोच्या मदतीनं तोच प्रयोग १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आपल्याकडे झाला. त्यासाठी पाच जिल्हे निवडले : पुणे, अहमदनगर, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि आपला नाशिक. आठवड्यातून दोन दिवस, दहा आठवडे, सुमारे दीडशे गावांत मंडळी रेडिओसमोर बसली. मेपलच्या देशातून आपण पाक आणला नाही, पण ऐकून चर्चा करण्याची रीत मात्र आणली. ती आपल्याला फार जड गेली नाही, कारण चर्चेचं गुऱ्हाळ घालण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

आता गुऱ्हाळाचा विषय निघालाच आहे, तर उसाकडे येऊ.

उसाचा रस आटवून गोड पदार्थ करण्याची विद्या आपल्या देशात फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्यानं काय काय साठवावं याची यादी आहे. तिच्यात उसाच्या पदार्थांची नावं ओळीनं येतात : फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. बघा, ही उतरंड आहे. रस थोडा आटला की फाणित, म्हणजे आपली काकवीच म्हणा. आणखी आटला की गूळ. पुढे दाणेदार, मग खडे, आणि शेवटी वाळूसारखी शर्करा. शर्करा हा शब्द इराणी आणि अरबी व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला आणि तिकडच्या भाषांत शुगर झाला. खंड गेला तो कँडी झाला. आपल्या मराठीत साखर तिथूनच आली. शेजारच्या कानडीत काकवीला काकंबी म्हणतात, म्हणजे कोल्हापूर-बेळगावच्या बाजूला हा शब्दही ऊस-गुळासारखाच दोन्हीकडे नांदतो.

पण या उतरंडीचा एक परिणाम झाला. वरची पायरी ती प्रतिष्ठेची आणि खालची ती गरिबाची, अशी समजूत बसली. काकवी सगळ्यांत खालच्या पायरीवर. ती विकायला फारशी जात नसे. ती गुऱ्हाळावरच खायची, आणि फार तर तांब्या-चरवीतून घरी न्यायची वस्तू.

नाशिक जिल्ह्यात पूर्वी ऊस म्हणजे विहिरीच्या किंवा ओढ्या-नदीच्या बंधाऱ्याच्या पाण्यावरचं पीक. मोटेचं पाणी, बैलांचं बळ, म्हणून क्षेत्र थोडं. दख्खनच्या पट्ट्यात तेव्हा पुंड्या नावाचा पांढरा, जाड, मऊ ऊस लावत. चरक लाकडी होते आणि त्यात बराच रस चिपाडातच राहून जाई. बिहारमधल्या बिहिया इथं १८७० च्या दशकात लोखंडी लाटांचा चरक निघाला आणि देशभर पसरला. पुढे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानं असे चरक बनवले. लोखंडी नांगराचं नाव सगळे घेतात. चरकाचं कुणी घेत नाही. खरं तर उसवाल्याच्या खिशात जास्त पैसे कुणी घातले असतील तर ते या चरकानं, कारण तोच ऊस, पण रस जास्त.

गुऱ्हाळाचा हंगाम थंडीतला. एका बाजूला चरकाभोवती बैल फिरताहेत, दुसऱ्या बाजूला चुलवाणावर काहील चढलेली. चुलवाणात चिपाडं सारणारा एक जण, आणि काहिलीशी उभा गुळव्या. रस तापला की मळी वर येते, ती काढायची. रानभेंडीचं खोड पाण्यात चोळून त्याचा चिकट रस टाकला की बारीक कचरा त्याला धरून वर येतो. चुना किती घालायचा, काहील कधी उतरवायची, हे गुळव्याच्या नजरेवर. गुळाला साधारण ११८ अंशांपर्यंत ताप लागतो. काकवी त्याच्या बरीच आधी, १०५-१०६ अंशांवर निघते. म्हणजे गूळ होण्याच्या वाटेवर काहील थोडी आधी थांबवली की काकवी. काकवी हवी असली तर गुळव्या त्या वेळी डाव भरून पातेल्यात ओततो आणि पुढचं काम चालू ठेवतो.

गुऱ्हाळावर आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही ही रीत होती. वाटसरू असो, गावातली पोरं असोत, रस प्यायचा, ताजी काकवी भाकरीवर घ्यायची, गरम गुळाचा गोळा पानावर घेऊन चाटायचा. या पाहुणचाराची किंमत कुठल्या हिशेबात धरलेली नसे. आज कुणी म्हणेल की हा मालाचा नाश. मला तसं वाटत नाही. ज्याच्या शेतात ऊस नाही त्याच्या पोरांच्या तोंडात वर्षातून काही दिवस तरी गोड पडायचं, ते या रीतीमुळे.

मग साखर आली. ती आधी बाहेरून आली. जुन्या माणसांच्या तोंडी 'मोरस साखर' असा शब्द असे. मोरस म्हणजे मॉरिशस. त्या बेटावर १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, त्यांत आपल्या मुंबई इलाख्यातली, विशेषतः कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर बोटीनं परत मुंबईला येई आणि पांढरी, स्वच्छ, परदेशी म्हणून जास्त भावानं खपे. मेपलची गोष्टही इथं येऊन मिळते. अमेरिकेत १७९० च्या दशकात काही सुधारक सांगत होते की गुलामांच्या घामानं पिकलेली वेस्ट इंडीजची साखर खाऊ नका, आपल्या रानातली मेपलची साखर खा. डॉक्टर बेंजामिन रश यांनी त्यावर निबंध लिहिला. जेफरसन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी आपल्या जमिनीत मेपलची रोपं लावून पाहिली. ती काही नीट जगली नाहीत. म्हणजे आज महागडी चैन म्हणून विकला जाणारा मेपलचा पाक त्या काळी उसाच्या साखरेला 'पर्याय' होता. कोण कुणाचा पर्याय, हे त्या त्या वेळेच्या बाजारावर ठरतं.

आपल्याकडे पाणी आलं आणि चित्र बदललं. दारणा धरण १९१६ साली पुरं झालं, नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे कालवे निफाड-कोपरगावकडे गेले. भंडारदऱ्याचं धरण १९२६ चं. कालव्याखाली ऊस वाढला आणि सुरुवातीला त्याचा गूळच होत होता. सरकारनं १९३२ साली साखरधंद्याला जकातीचं संरक्षण दिलं. जावाची साखर रोखली गेली आणि चार-पाच वर्षांत देशातल्या साखर कारखान्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. आपल्या जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी रावळगावची माळरानं उसाखाली आणली आणि १९३३ साली तिथं साखर कारखाना सुरू केला. पुढे तिथल्याच गोळ्या-चॉकलेटांनी रावळगावचं नाव शाळेच्या दारात नेलं. त्या गोळ्यांची नावं आणि हक्क २०२४ साली मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला विकले गेले, पण गोळी तोंडात टाकणाऱ्याला अजून रावळगावच आठवतं. त्याच १९३२ साली नीरेकाठी पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र निघालं, आणि कोइमतूरच्या नव्या जातींनी पुंड्याला हळूहळू शेतातून बाहेर काढलं.

पुढचा टप्पा सगळ्यांना ठाऊक आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनं प्रवरेला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० साली पहिला गळीत हंगाम झाला. मग गावोगाव कारखाने झाले. दिंडोरी तालुक्यात मातेरेवाडीला, म्हणजे राजारामनगरला, कादवा सहकारी साखर कारखाना आला. पालखेड, करंजवण, ओझरखेड, वाघाड अशा धरणांचं पाणी होतंच. उसाला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. तोडणी कारखान्याची, वाहतूक कारखान्याची, पैसा एकदम. गुऱ्हाळ चालवायचं म्हणजे महिनाभर घरातली चार माणसं, बैल, गुळव्या आणि शिवाय बाजारात गुळाचा भाव पडला तर कपाळाला हात. शेतकऱ्यानं गुऱ्हाळ सोडलं यात नवल काही नाही. त्यानं आळस केला नाही, हिशेब केला.

पण घरातली एक गोष्ट त्याबरोबर गेली. गूळ निदान दुकानात मिळत राहिला. काकवी मिळेनाशी झाली. कारण ती मुळात बाजाराची वस्तूच नव्हती. गुऱ्हाळ विझलं की तिचा झराच आटला. कारखान्यातून निघते ती मळी. रंगानं ती काकवीसारखी दिसते म्हणून काही जण तिलाच काकवी समजतात. हा गैरसमज दूर करायलाच हवा. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जे काळं, कडवट उरतं ती मळी. तिच्यात शुद्धीकरणासाठी वापरलेल्या गंधकाचा आणि चुन्याचा अंश असतो. तिचा मद्यार्क होतो, जनावरांच्या खाद्यात ती जाते. माणसाच्या ताटात ती घ्यायची नाही. काकवीत सगळी साखर असते, मळीत साखर काढून घेतल्यावरचा गाळ असतो.

साखर आली तरी ती सगळ्यांची झाली नव्हती. घरात डबे दोन असायचे. गुळाचा घरच्यांसाठी, साखरेचा पाहुण्यांसाठी. घरच्यांना गुळाचा चहा आणि पाहुण्याला साखरेचा. गुळाचा चहा पुढे केला तर पाहुणा काय म्हणेल ही गृहिणीची धास्ती. आणि हीच धास्ती सरकारनं कितीदा तरी मोडून काढली, ती मुद्दाम नव्हे, टंचाईनं. महायुद्धात १९४२ साली साखरेवर नियंत्रण आलं, मुंबईत १९४३ च्या मेपासून रेशनिंग सुरू झालं. १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रण उठलं, १९४९ ला पुन्हा आलं. १९६७ पासून काही साखर लेव्हीची आणि काही खुली असा दुहेरी भाव झाला. १९७८ च्या ऑगस्टमध्ये सगळं खुलं केलं आणि १९७९ च्या डिसेंबरात पुन्हा बंधन. लेव्ही पुरती गेली ती २०१३ साली. या सगळ्या वर्षांत रेशनची साखर संपली की घर गुळावर यायचं. कार्डावरची साखर दिवाळीसाठी किंवा लग्नासाठी साठवायची आणि रोजचं गूळ-काकवीवर भागवायचं. आपल्या आज्या-आयांना 'याऐवजी ते' ही विद्या कुणी पुस्तकातून शिकवली नाही. गुळाचा चहा फाटू नये म्हणून भांडं खाली उतरवून मग गूळ घालायचा, ही युक्ती त्याच गरजेतून घराघरांत मुरली.

उसाशिवाय दुसरे गोडवेही आपल्या परिसरात होते, त्यांची हकिगत थोडी दुःखाची आहे. दिंडोरीच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याकडे, कोकणा, वारली, महादेव कोळी घरांत मोहाची फुलं वाळवून ठेवत, शिजवून खात, त्यांचा पाकही करत. शिंदी-ताडाच्या गोड रसाचंही तसंच. पण या दोन्हींपासून दारू होते. त्यामुळे इंग्रज सरकारनं त्यांच्याकडे अन्न म्हणून पाहिलंच नाही, महसूल म्हणून पाहिलं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं ताडी-माडीची झाडं सरकारी नजरेखाली आली, आणि १८९२ च्या मोहाच्या कायद्यानं ठाणे-कुलाब्यात फुलं गोळा करण्यावरच बंधन घातलं. पुढे गांधीजींनी १९३४ साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला, कुमारप्पांनी मगनवाडीत काम उभं केलं. ताडगुळाचा प्रचार झाला तो तिथून. ऊस चांगली भिजणारी जमीन अडवतो, ताड मात्र पडीक जागेत उभा राहतो, हा त्यांचा युक्तिवाद आजही खोडता येत नाही. पण ताडावर चढणारा माणूस दिवसेंदिवस मिळेनासा झाला.

एक पर्याय आपल्या पिकांच्या ओळखीतला आहे आणि तो आणखी पुढे जायला हवा होता असं मला वाटतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गोड ताटाच्या ज्वारीवर काम केलं, 'मधुरा' नावाची जात काढली आणि तिच्या ताटांचा रस आटवून पाक केला. कणसाचे दाणे खायला, ताटांचा रस पाकाला, चोथा जनावराला आणि चुलीला. अमेरिकेत यादवी युद्धाच्या सुमारास दक्षिणेकडची साखर बंद झाली तेव्हा उत्तरेकडच्या शेतकऱ्यांनी हीच गोड ज्वारी लावून पाक केला होता. तिकडे आजही तो पाक मेपलच्या जागी वापरतात. ऊस बारा-अठरा महिने पाणी पितो, ज्वारी चार महिन्यांत मोकळी होते. दिंडोरीसारख्या तालुक्यात, जिथं उन्हाळ्यात आवर्तनाची वाट पाहावी लागते, तिथं हा फरक लहान नाही. अडचण एवढीच की ताट कापलं की रस लवकर बिघडतो, त्यामुळे शेताजवळच गाळणं आणि आटवणं आलं.

द्राक्षांबद्दल विचारणारेही असतील. मोहाडी काय, खेडगाव काय, द्राक्षं तर दाराशी आहेत. तुर्कस्तानात द्राक्षाचा रस आटवून 'पेकमेझ' नावाचा दाट पाक शेकडो वर्षं करतात. आंबटपणा मारायला रसात चुन्याची पांढरी माती घालतात आणि निवळून घेतात. आपल्या द्राक्षात साखर उसाच्या रसाइतकीच, म्हणून आटवण्याचा हिशेबही तोच. पण एक इशारा द्यायला हवा. रस आटवला की त्यातलं पाणी जातं, बाकी सगळं तिपटीनं दाट होतं, त्यात औषधाचा अंशही आला. अवकाळीनं तडकलेला, फवारणीनंतर मुदत न भरलेला माल पाकाला वापरू नये. ज्या मालाची तपासणी झाली आहे त्याच्यातलाच, बारीक मण्यांचा भाग घ्यावा.

आता स्वयंपाकघर.

काकवी घरी करायची तर आपल्या किंवा शेजारच्या गुऱ्हाळावरच करावी, घरच्या गॅसवर पाच-दहा लिटर रस आटवण्यात फायदा नाही. ऊस पक्का, ताजा तोडलेला. गुळाला चांगली म्हणून ओळखली जाणारी कोसी ६७१ किंवा को ९२००५ मिळाली तर उत्तम. टनभर उसापासून दीडशे किलोच्या पुढेमागे काकवी धरायला हरकत नाही. काहील उतरवल्यावर काकवी गाळून घ्यावी आणि किलोला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच किलोला एक ग्रॅम, सायट्रिक आम्ल घालावं. लिंबूफूल म्हणून वाण्याकडे मिळतं ते हेच. त्यानं साखरेचा काही भाग फुटून दोन साध्या साखरा होतात आणि त्या बाटलीत दाणे बांधू देत नाहीत. आठ-दहा दिवस भांडं न हलवता ठेवलं की गाळ खाली बसतो. वरची नितळ काकवी कोरड्या, निर्जंतुक बाटल्यांत भरावी.

मेपलचा पाक आणि काकवी यांचा दाटपणा जवळपास सारखा. मेपलमध्ये पाणी शेकडा ३३-३४, काकवीत ३० ते ३६. म्हणून कृतीत एक वाटी मेपल सिरप लिहिलं असेल तर एक वाटी काकवी घाला, दुसरा काही हिशेब नको. फरक चवीत. काकवी मेपलपेक्षा गडद आणि जोरकस. जिथं पीठ काळपट होऊन चालणार नाही तिथं अर्धी वाटी काकवी आणि अर्धी वाटी साखरेचा साधा पाक घ्यावा. काकवी नसेल तर ७० ग्रॅम चांगल्या गुळात ३० ग्रॅम पाणी घालून, मंद आचेवर विरघळवून गाळून घ्यावं. तेवढ्याच दाटपणाचा पाक मिळतो. गुळवणी करणाऱ्या हाताला हे सांगायची गरज नाही, फक्त गुळवणीपेक्षा हा पाक दाट हवा. मध वापरायचा तर चार भाग मधात एक भाग पाणी. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नये.

मेपलचा तो वास कुठून आणायचा, असं कुणी विचारील. तो तुमच्या मिसळणाच्या डब्यात आहे. मेथीच्या दाण्यात जे सुगंधी द्रव्य असतं तेच मेपलच्या वासाचं द्रव्य, आणि परदेशात नकली मेपल पाकाला वास देण्यासाठी मेथीचा अर्क वापरतात. न्यूयॉर्क शहरात २००५ पासून अधूनमधून हवेत मेपलचा गोड वास पसरायचा आणि लोक घाबरून तक्रारी करायचे. २००९ साली शोध लागला की नदीपलीकडच्या न्यूजर्सीत मेथीदाण्यावर प्रक्रिया करणारा कारखाना आहे, वास तिथला. बाळंतिणीसाठी मेथीचे लाडू वळताना गूळ-मेथीचा जो वास घरभर होतो, तो आठवून पाहा. तर एक वाटी काकवी कोमट करा. पाव चमचा मेथी कोरडी, हलकी भाजून पातळ फडक्यात बांधा, अर्धा तास काकवीत ठेवा आणि काढून टाका. दाणे कुटू नका, काकवी कडू होईल.

साखरेच्या केकमध्ये काकवी घालायची असेल तर गणित वेगळं. एक वाटी साखरेऐवजी एक वाटी काकवी घ्यावी, पण कृतीतलं दूध-पाणी पाव वाटी किंवा थोडं अधिक कमी करावं. काकवी किंचित आंबट असते, म्हणून वाटीमागं पाव चमचा खायचा सोडा. भट्टीचा ताप दहा-पंधरा अंशांनी खाली ठेवावा, कारण काकवीचा पदार्थ वरून लवकर लाल होतो आणि आत कच्चा राहतो. बाजरीच्या किंवा नागलीच्या पिठाच्या केकला काकवी गव्हापेक्षाही छान लागते. धिरडी, घावन, दशमी यांवर तर ती तशीच ओतावी.

मधुमेह असलेल्यांनी मात्र 'काकवी नैसर्गिक आहे' या बोलण्यावर जाऊ नये. काकवी काय, मेपल काय, मध काय, रक्तात जाऊन साखरच होते. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली असेल तर हे सगळंच बंद.

विकत घेताना बाटली उजेडात धरावी. रंग तांबूस-तपकिरी असावा. फार पिवळी, उजळ काकवी म्हणजे रंगकाट पावडर जास्त पडल्याची शंका. झाकण उघडताना फस्स आवाज आला किंवा आंबूस वास आला तर ती फसफसली आहे, खाऊ नये. उघडलेली बाटली उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावी. ओला चमचा आत घालू नये.